जननांगावरील चामखीळ : व्याधिज्ञान आणि प्रतिबंध

जननांगावर चामखीळ उठली असता रुग्ण सहसा प्रथम वैद्याकडे येत नाही. लज्जेपोटी तो औषधाच्या दुकानात जातो आणि ‘चामखिळीचे औषध’ एवढेच मागतो. म्हणूनच हा विषय वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

हेतू व संप्राप्ती

हा व्याधी ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ अर्थात एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. जननांगावरील सुमारे ९० टक्के चामखिळी ६ व ११ या प्रकारांमुळे उद्भवतात. १६ व १८ हे प्रकार मात्र गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांस कारणीभूत असतात. चामखिळीचे प्रकार सहसा कर्करोग उत्पन्न करीत नाहीत. परंतु एकाच व्यक्तीस दोन्हींचा संसर्ग असू शकतो.

मैथुनसमयी त्वचेचा त्वचेशी होणारा संपर्क हा प्रसाराचा मुख्य मार्ग होय. संसर्गानंतर चामखीळ दिसण्यास बहुधा दोन ते तीन महिने, क्वचित त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. अनेकांत ती कधीच दिसत नाही, तरी संसर्ग पसरू शकतो. त्यामुळे ‘संसर्ग कोणाकडून आला’ याचा निवाडा वैद्याने करू नये. त्यातून निष्कारण संसार मोडतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या अध्यायात मेढ्र व योनी येथील मांसांकुरांचे, तसेच चर्मकीलाचे वर्णन आले आहे. योनीतील अंकुर छत्राकार असल्याचा तेथील उल्लेख या व्याधीशी पुष्कळ जुळतो. तथापि दोन्ही सर्वथा एकच आहेत, असा आमचा आग्रह नाही.

सापेक्ष निदान

चामखीळ मऊ, खरबरीत, कोबीच्या फुलासारखी असते. तीत वेदना बहुधा नसते. कंडू असू शकते. सपाट, ओलसर, रुंद बुडाचे उंचवटे दिसल्यास फिरंगाची दुसरी अवस्था असू शकते. म्हणून व्हीडीआरएल तपासणी करावीच. समवेत एचआयव्ही तपासणीचाही सल्ला द्यावा. मध्यभागी खळगा असलेले मोत्यासारखे पुरळ ‘मोलस्कम’ या वेगळ्या विषाणूजन्य व्याधीचे असते. शिश्नमण्याच्या कडेने ओळीत असणारे सूक्ष्म उंचवटे प्राकृत होत. त्यांस चिकित्सा नको. व्रण, रक्तस्राव, काठिण्य किंवा जलद वाढ आढळल्यास ऊतीची तपासणी करवून घ्यावी.

चिकित्सेची मर्यादा

भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र हे अर्शाचे चार उपाय आपणांस परिचित आहेत. परंतु क्षार व अग्नी ही कर्मे शल्यतंत्रात प्रशिक्षित वैद्यानेच करावीत. क्षार रुग्णाच्या हाती देणे सर्वथा अनुचित होय. कुरूपासाठी मिळणारे सॅलिसिलिक आम्लाचे द्रावणही या नाजूक त्वचेवर दाह व व्रण उत्पन्न करते. औषधविक्रेत्यांनी ही द्रव्ये या कारणासाठी देऊ नयेत. रुग्णास एकांतात दोन शब्द बोलून वैद्याकडे पाठवावे. गर्भिणीस पोडोफायलिन वर्ज्य आहे. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच पाठवावे.

चामखीळ काढली म्हणजे विषाणू गेला, असे नव्हे. ती पुन्हा उद्भवू शकते, हे रुग्णास आरंभीच सांगावे. बहुसंख्य व्यक्तींमध्ये व्याधिक्षमत्वाच्या बळावर संसर्ग दोनएक वर्षांत शमतो. मात्र ‘समूळ नाश’ करणाऱ्या औषधाची ग्वाही कोणीही देऊ नये.

प्रतिबंध

येथे निदानपरिवर्जनाचेच सूत्र लागू पडते. चामखिळी असेपर्यंत मैथुन टाळावे. निरोधाने धोका कमी होतो. पण निरोधाने न झाकलेल्या त्वचेतून संसर्ग होऊ शकतो. जोडीदाराचीही तपासणी करावी.

लस हा सर्वांत प्रभावी उपाय होय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी, नवव्या वर्षापासून, मुलामुलींना ती द्यावी. विद्यमान चामखीळ मात्र तिने बरी होत नाही.

तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीने, लस घेतलेली असली तरी, गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यावी. पती चामखिळीसाठी आपणांकडे आला असता पत्नीच्या या तपासणीचे स्मरण करून देणे हे वैद्याचे कर्तव्य होय. गर्भाशयमुखातील पूर्वविकृती वेळीच सापडल्यास कर्करोग टाळता येतो. चामखिळीचा रुग्ण ही आपणांस त्यासाठी मिळालेली संधी आहे. ती केवळ लेप देऊन दवडू नये.