अंतराळातला अबोला

जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावरून परतले. एके दिवशी काम आटोपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पलंगाशेजारी हवेतच सोडून दिला. तरंगेल या हिशेबाने! खाली गालिचा होता म्हणून निभावलं. किस्सा त्यांनीच सांगितलेला.

स्थानकावर ते जेमतेम अठरा दिवस होते. तेवढ्यात हाताला वजनाचा विसर पडला.

आपल्या कानाच्या आत, पार खोलवर, कॅल्शियमचे बारीक कण असतात. मान कलली की ते सरकतात आणि खाली कुठे हे मेंदूला समजतं. कक्षेत ही खूण मिळतच नाही. डोळे एक सांगतात, कान दुसरंच. त्यात पायांकडचा द्रव डोक्याकडे चढलेला. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना मळमळतं, डोकं जड होतं. मग मेंदू कानाचा नाद सोडतो आणि डोळ्यांवर भिस्त ठेवतो. मुक्काम काही महिन्यांचा असेल तर मेंदू कवटीत किंचित वरही सरकतो, त्यातल्या द्रवाच्या पोकळ्या फुगतात. एमआरआयमध्ये ते दिसतं.

मला मात्र यापेक्षा अवघड वाटतो तो शेजारचा माणूस. १९८२ मध्ये बेरेझोवॉय आणि लेबेदेव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सॅल्यूत-७ वर २११ दिवस राहिले. लेबेदेवच्या रोजनिशीत चिडचिड आहे, रुसवे आहेत, आणि अबोलाही. दोन खोल्यांच्या घरातसुद्धा रागावलेला माणूस निदान गॅलरीत जाऊन उभा राहतो. इथे तीही सोय नाही.  

मंगळाच्या वारीची रंगीत तालीम म्हणून २०१० साली मॉस्कोत सहा पुरुषांनी स्वतःला ५२० दिवस कोंडून घेतलं. आपापसांत ते फारसे भांडले नाहीत. नियंत्रण कक्षाशी मात्र त्यांचे खटके कितीतरी जास्त वेळा उडाले. राग काढायला बाहेरचा माणूस सोयीचा पडतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. झोपेची तऱ्हा आणखी निराळी. सूर्य दिसत नव्हता, आणि एकाच्या शरीराने चक्क २५ तासांचा दिवस धरला. रोज तासभर पुढे सरकता सरकता तो इतरांपासून सुटत गेला. मग कधी बाकीचे पाच जण टेबलाभोवती जेवत असत आणि हा आपल्या खोलीत गाढ झोपलेला असे.