गजकर्णाची गोळी पोटात जाते, म्हणून जपून

पावसाळ्यात जांघेत, काखेत, कमरेला नाडीच्या रेषेवर गोल चट्टे उठतात. मेडिकलवाला एक ट्यूब देतो. चार दिवस आराम पडतो, मग चट्टा दुप्पट होऊन परत येतो. ट्यूबवरचे नाव वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने खाज दबते, बुरशी आत वाढतच राहते.

अंगभर पसरलेल्या गजकर्णाला, डोक्यातल्या आणि नखांतल्या बुरशीला बहुधा पोटातून औषध लागते. टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही नेहमीची नावे. मलमाचे काम कातडीवर चालते, गोळी मात्र यकृतातून जाते आणि तुमच्या इतर औषधांशी तिची गाठ पडते. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला सोसेलच असे नाही.

शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू असताना फ्लुकोनॅझोल घेतले तर साखर एकदम उतरू शकते. टीबीचे रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोलचा असर फारच कमी होतो. हृदय कमजोर असेल तर ते सहसा देतच नाहीत. त्याची साधी कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यावी, ॲसिडिटीच्या गोळीसोबत घेतली तर नीट अंगी लागत नाही. तेव्हा दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, पूर्वी कावीळ झाली असेल किंवा दारू घेत असाल तर तेही सांगा. दारूचे बरेच जण लपवतात, आणि यकृताला त्याचाच फटका बसतो.

औषध चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, उलट्या होऊ लागल्या किंवा अंगावर पुरळ उठले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टर्बिनाफिनने कधी तोंडाची चवही जाते, तेही कळवा.

खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असे नव्हे. कातडीला काही आठवडे लागतात, पायाच्या नखांना टर्बिनाफिन साधारण 12 आठवडे देतात. तितके दिवस टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, कपडे उन्हात कडक वाळवा. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यालाही त्याच खेपेला दाखवा, नाहीतर एकाचे बरे झालेले दुसऱ्याकडून परत येते.