आवाज इंजिनाचा की चाकाचा?

दहा-पंधरा वर्षे वापरलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेली सेडान, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी असलेली मोटार, आवाज करू लागली की मालक गॅरेजमध्ये जाऊन बहुधा त्या आवाजाची नक्कल करून दाखवतो. ही नक्कल उपयोगाची असली तरी अपुरी असते. कारण सैल झालेला बोल्ट आणि झिजलेला सांधा जवळजवळ एकसारखेच खडखडतात, शिवाय एका ठिकाणी उठलेले कंपन पत्र्यातून प्रवास करून भलत्याच ठिकाणी ऐकू येते. निदानाला दिशा मिळते ती आवाज कशाबरोबर बदलतो या प्रश्नातून : इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चाकाच्या फेऱ्यांबरोबर, स्टिअरिंग वळवल्यावर, ब्रेक दाबल्यावर, की इंजिन तापल्यावर. याचे उत्तर मालकाने घरूनच आणले, तर मिस्त्रीला अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत बसावे लागत नाही, आणि जुन्या गाडीवर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा अशा अंदाजांचाच असतो.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला असता आवाज वाढत गेला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिनावर फिरणाऱ्या बेल्ट-पुलीचा असतो. उभ्या गाडीत तो मुळीच उमटला नाही, तर शोध चाके, एक्सल आणि सस्पेन्शनकडे वळवावा. इंजिनाच्या आवाजांतही ताल महत्त्वाचा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मुख्य क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळाच उघडतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, जी मूळची मिलिमीटरच्या एका अंशाएवढी असते, वाढली की वरच्या बाजूने हलकी, कोरडी टिकटिक येते. हा टॅपेटचा आवाज सेटिंगने जातो. याउलट खालच्या बाजूने येणारी, गाडी चढाला लागली की वाढणारी जड ठकठक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते आणि ती ऐकल्यावर गाडी पुढे नेणे म्हणजे क्रँकशाफ्ट गमावण्याचा धोका पत्करणे होय. दोन्ही प्रसंगी प्रथम ऑइलची पातळी पाहावी. अनुभवी मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावतो, तेव्हा हवेतून सर्वत्र पसरलेला आवाज बाजूला पडून त्या एका जागेचे कंपन तेवढे ऐकू येते.

कोल्हापूरच्या वाचकाला यातला धातूचा भाग परका नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये जे बीड, म्हणजे कास्ट आयर्न, ओतले जाते, त्यात ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे विखुरलेले असतात आणि ते कंपन शोषून घेतात. पोलादी सळई ठोकली तर ती बराच वेळ खणखणते, बिडाचा तुकडा मात्र बद्द आवाज करून लगेच गप्प होतो. ब्रेकच्या डिस्क व ड्रम आणि कितीतरी जुन्या इंजिनांचे ब्लॉक बिडाचे असतात त्यामागे हा गुणही आहे. त्या ब्लॉकवर बसणारे हेड मात्र बहुधा अॅल्युमिनियमचे असते, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून इंजिन एकदा जरी अतितापले तरी हेड वाकू शकते, मग दोहोंमधले गॅस्केट गळू लागते, कूलंट कमी होत जाते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर जमतो. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा पातळसा थर निव्वळ दमटपणानेही येतो, त्यामुळे कूलंटची घट आणि हा थर ही दोन्ही लक्षणे मिळूनच निष्कर्ष काढावा.

थंड सकाळी इंजिन सुरू होताच येणारी आणि थोड्या वेळाने विरणारी किर्र बहुतेक वेळा फॅन बेल्टची असते. क्लच दाबल्यावर उमटणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, तर क्लच दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा मानावा.

चालत्या गाडीतला आवाज मोजताही येतो. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८३ मीटर असतो, म्हणजे ताशी १० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ९० फेरे घेते. सामसूम रस्त्यावर शेजारी बसलेल्याने घड्याळ लावून ठोके मोजले आणि ते नव्वदीच्या आसपास भरले, तर दोष चाकाच्याच कुटुंबातला आहे. ताशी ५०-६० च्या वेगाला येणारी घूं घूं टायरची की बेअरिंगची, हे रस्ता बदलल्यावर कळते : डांबरावरून काँक्रीटवर जाताच टायरचा सूर पालटतो, बेअरिंगचा तसाच राहतो. गाडी किंचित डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा घूं वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना कटकट ऐकू आली, तर एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटला असण्याची दाट शक्यता असते. बूट फाटल्यावर आतले ग्रीस उडते, रेती शिरते आणि पोलादी गोळ्यांची खाच झिजते. बूट वेळेवर बदलला असता तर सांधा वाचला असता.

खड्ड्यातून जाताना होणारी खडखड सर्वांत फसवी. अँटीरोल बारला जोडणारा लिंक रॉड झिजला की गाडी मोठ्याने वाजते, पण दोष स्वस्तातला आणि तातडीचा नसलेला असतो. लोअर आर्मचा बॉल जॉइंट झिजला तर आवाज कदाचित त्याहून सौम्य असतो, परंतु तो सांधा निखळला की धावत्या गाडीचे चाक आडवे पडते. आवाजाचा मोठेपणा आणि दोषाचा धोका यांचे प्रमाण जुळत नाही ते असे. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहा वाजण्याच्या जागी धरून हलवल्याखेरीज या दोहोंतला फरक ठरवू नये.

कोल्हापुरातून कोकणात उतरायचे म्हणजे करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबा घाट आलाच, आणि तेथे ब्रेकचा आवाज दुर्लक्षून चालत नाही. रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकिंगला येणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते व ती लगेच जाते. सततची किंचाळी ही पॅड संपल्याची सूचना असते आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज हा उशीर झाल्याचा पुरावा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ प्रतीचे ऑइल नवे असताना २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळले तर वाफ दबते, पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. यापूर्वी कोणताही आवाज होत नाही. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

घाट चढताना वरच्या गिअरमध्ये येणारी, डब्यात खडे हलवल्यासारखी खुळखुळ ही अवेळी पेटणाऱ्या मिश्रणाची असते. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. त्याने ऑक्टेन वाढत असल्याने ही खुळखुळ कमीच व्हायला हवी, ती वाढली असेल तर सिलिंडरमधला कार्बन आणि इग्निशन तपासावे. मात्र जुन्या गाड्यांचे रबरी पाइप या इंधनासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर पाइप त्याच दिवशी पाहावेत.

जुनी गाडी घेताना सर्वाधिक काळजी न वाजणाऱ्या दोषांची करायला हवी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेले होते. अशा पाण्यात उभ्या असलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यावर कोणी सेल्फ मारला, तर पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि किंचित वाकलेला रॉड घेऊनही गाडी काही महिने चालते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातला वाळलेला गाळ आणि हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ पॉलिशने सहसा झाकली जात नाही. मारुती एस्टीम, ह्युंदाई अॅक्सेंट यांसारख्या गाड्यांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट रबरी असतो. साखळी झिजली की खळखळते, हा पट्टा मात्र तुटण्याच्या क्षणापर्यंत शांत राहतो, आणि तो तुटल्यावर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तो कितव्या किलोमीटरला बदलला याची पावती विकणाऱ्याकडे नसेल, तर गाडी ताब्यात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात पट्टा, त्याचा टेन्शनर आणि शक्य तेथे वॉटर पंपही एकदमच बदलून घ्यावा, कारण अनेक इंजिनांत या सर्वांपर्यंत पोहोचायला करावे लागणारे काम एकच असते.