बंदी लागायच्या आत चुलीचं काम उरकून घ्या



16 जूनपासून आपल्याकडे मासेमारी बंद, ती 15 ऑगस्टपर्यंत. जाळी दुरुस्त करणं, नावेला डांबर लावणं, घरातली राहिलेली कामं, सगळं आपण त्या दोन महिन्यांवर ढकलतो. चुलीचंही तसंच करतो. पण चुलीचं काम पावसात होत नाही. माती वरून वाळलेली दिसते, आतून ओलीच राहते आणि पहिल्याच जाळाला तडकते. म्हणून हे आत्ता मे महिन्यातच लिहितोय.

गॅस असताना चूल कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. बाग सेवनियात बहुतेकांकडे टाकी आहे, काहींना 2016 नंतर उज्ज्वलाची मिळाली. तरी अंघोळीचं पाणी, पाहुणे आले की मोठ्या पातेल्यातला रस्सा आणि भाकरी चुलीवरच होते. टाकी महाग, लाकूड फुकट. मग चूल धड तरी असावी.

आमच्या घरचं सांगतो. चूल आणि वैल यांच्या मधल्या भिंतीला भेग पडली होती. घरात अर्धं पोतं सिमेंट उरलेलं होतं, मी ते भरलं. बायको म्हणाली माती लावा, मी ऐकलं नाही. सिमेंट पक्कं असतं ना! एक पावसाळा निघाला. मग एके सकाळी पाण्याचं पातेलं वर असताना कड निसटली आणि गरम पाणी धाकट्या मुलीच्या पायावर आलं. वीस मिनिटं पाय नळाखाली धरून ठेवला. शेजारच्या वहिनी टूथपेस्ट घेऊन धावत आल्या होत्या, ती लावू दिली नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी घातलंत हे बरं केलंत. डाग मात्र राहिला आहे.

असं का होतं, ते नंतर कळलं. सिमेंट पाणी धरून घट्ट होतं. चारशे-पाचशे अंशांची आच लागली की त्यातला चुना ते पाणी सोडतो, जोर जातो. पुढे हवेतला ओलावा घेऊन तोच चुना फुगतो आणि तुकडा सुटतो. मातीचं उलट आहे, ती भाजेल तशी पक्की होते. तलावातले गोटेही चुलीला लावू नका. आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटून उडतात.

आता माती कोणती? आपल्या भागातली काळी माती नको, तलावाचा गाळही नको. दोन्ही ओले असताना फुगतात आणि वाळताना आकसतात. पिवळी चिकण माती किंवा वारुळाची माती घ्या, चाळून रात्रभर भिजवा. त्यात थोडी बारीक वाळू, गव्हाचा भुसा आणि शेण घालून पायाने तुडवा. तीन-चार दिवस झाकून ठेवली तर लोण्यासारखी होते. खात्री करायला बोटाएवढी वळी करून सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर वाळू कमी आहे, भुगा झाला तर माती कमी आहे.

भेग नुसती वरून लिंपू नका, सगळे तिथेच चुकतात. आधी खुरप्याने भेग रुंद करा, जुनी काजळी आणि सुटी माती काढा, आत पाणी शिंपडा आणि मग माती दाबून भरा. कोरड्यावर ओलं चिकटत नाही. मेच्या उन्हात फार लवकर वाळतं, म्हणून पहिले दोन दिवस ओलं पोतं टाका. पूर्ण वाळल्यावर आधी काटक्यांचा लहान जाळ करा, मोठं पातेलं दुसऱ्या दिवशी.

भांडं टेकतं ते तीन उंचवटेही बघा. झिजून सपाट झाले की जाळाला वर यायला जागा राहत नाही, सगळा धूर तोंडाकडून बाहेर येतो. भांडं आणि चुलीची कड यात बोटभर फट हवी. फार उंच केलेत तर आच बाजूने वाया जाते. राख रोज काढा. तळाशी दोन लोखंडी गज टाकून त्यावर लाकूड ठेवलं तर खालून हवा मिळते, फुंकणी कमी लागते.

काही जुन्या घरांत अजून निर्धूर चूल आहे. 1983 मध्ये सरकारने सुधारित चुलींचं काम हाती घेतलं होतं. चुली बसवल्या, पण दुरुस्ती कोणी करायची हे ठरलं नाही, म्हणून बऱ्याच पडून गेल्या. ज्यांची चालू आहे त्यांनी पाइपमधली काजळी काढा. चूल पूर्ण थंड असताना दोरीला जुन्या जाळ्याचा बोळा बांधून वरून खाली ओढायचा. पाइप जुना सिमेंटचा असेल तर त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तो कापू नका, घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते. तिथे पाइपच बदललेला बरा.

आता नाववाल्यांसाठी, आणि हे नीट वाचा. मोडलेल्या नावेच्या फळ्या चुलीत घालू नका. रंग, डांबर, डिझेल मुरलेलं लाकूड असतं ते. जुन्या रंगात शिसं असायचं. ते धुरातून जातं आणि राखेतही उरतं. आणि राख आपण कशाला वापरतो? मरळ, मांगूर हातातून सुटू नये म्हणून राखेत घोळवूनच कापतो. भांडीही तिनेच घासतो. नायलॉनचे जाळ्याचे तुकडे, फायबर, प्लाय, यातलं काहीच चुलीत नको. बाभूळ किंवा आंब्याचं वाळलेलं लाकूड उत्तम. ओलं लाकूड बरीच आच स्वतःलाच वाळवण्यात घालवतं.

थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणारे अजून आहेत. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. त्या वायूला वासही नसतो, झोपेतच माणूस जातो.

पिवळ्या मातीची एक ट्रॉली सोसायटीच्या शेडजवळ टाकून घेतली आहे. लागेल तेवढी न्या, घमेलं घरून आणा. शेडमागे ठेवलेल्या जुन्या नावेच्या फळ्या मात्र कोणी जळणासाठी उचलू नयेत.

— सचिव