कर्जाचा कागद उजेडात हवा

मुंब्रा आणि डोंबिवली यांच्यामधील दिवा हे मुंबईच्या चाकरमान्यांचे गाव. ठाणे महापालिकेच्या हद्दीतील या भागात कित्येक चाळी व इमारती अनधिकृत आहेत. अशा घराच्या तारणावर बँक सहसा कर्ज देत नाही. पगार रोखीने घेणाऱ्यास तर वैयक्तिक कर्जही दुरापास्त. घरातील आजारपण मात्र कागदपत्रांसाठी थांबत नाही. 'पाच मिनिटांत कर्ज, जामीन नको' ही मोबाइलवरील जाहिरात नेमकी याच फटीतून आत शिरते. फसणारा माणूस लोभीच असतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. पुष्कळदा तो केवळ नडलेला असतो.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर अधिक होता. न वाचलेल्या कागदावर उठविलेला अंगठा त्यांच्या गळ्याशी आला होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोखे ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, असा दंडक घातला. कर्जव्यवहार उजेडात आणणे, हाच त्यावरील उपाय होता. आज वाचता येणारा कारकूनही 'मान्य आहे' या शब्दांवर न वाचताच अंगठा टेकवतो.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या प्रारंभी कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली. त्यांपैकी ६०० बेकायदा होती. त्यानंतर २०२२ मध्ये बँकेने नियम केले व २०२५ मध्ये ते एकत्रित केले. कर्जाची रक्कम धनको संस्थेच्या खात्यातून थेट ऋणकोच्या खात्यात जावी. सर्व आकार धरून वार्षिक खर्च किती, याचे विवरण आधी हाती पडावे. फोनमधील संपर्कयादीला व छायाचित्रांना ॲपने हात लावू नये. सामान्य माणसाच्या दृष्टीने या तीन कसोट्याच होत. कर्ज हाती पडण्यापूर्वीच कोणा व्यक्तीच्या खात्यात 'प्रक्रिया शुल्क' मागणारा धनको नव्हे, भामटा समजावा.

फसगत झालीच तर पहिला तास मोलाचा असतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास पैसे पुढे सरकण्यापूर्वी गोठविले जाण्याची शक्यता राहते. बँकेस लेखी कळवावे, आलेले संदेश पुसू नयेत. पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा अहवाल मागवून आपल्या नावे आणखी कर्ज निघालेले नाही ना, हे पाहावे. 'बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असे सांगणारा हा दुसरा भामटा होय.

अवघड पायरी मात्र वेगळीच आहे. विकृत केलेली छायाचित्रे नातेवाइकांना पाठवू, या धमकीचे सारे बळ ऋणकोच्या लाजेत आहे. पैसे भरल्याने धमकी संपत नाही, उलट मागणी वाढते. घरच्यांना व सहकाऱ्यांना आपणच आधी सांगितले की तिची धार बोथट होते. अशा वेळी ऐकणाऱ्यांनी बोल लावण्याऐवजी पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करावी, हे बरे.

अर्थात, केवळ सावधगिरीच्या उपदेशाने हा धंदा बसणार नाही. कार्यालयातील कायम नोकरास पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेचा आधार असतो. रोखीच्या पगारावर जगणाऱ्या त्याच्या शेजाऱ्यास तो नसतो. लहान रकमेचे, तातडीचे आणि उघड हिशेबाचे कर्ज त्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेले, तरच भामट्याचे दुकान ओस पडेल.