पाळी जाण्याचा काळ, थायरॉईड आणि वनौषधी

वर्षावासात ग्रंथवाचनाला विहारात जमणाऱ्या पंचेचाळिशीच्या भगिनींकडून एक तक्रार वारंवार कानी येते. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, वजन वाढते, काही लक्षात राहत नाही. आपल्या देशात पाळी साधारणपणे ४६-४७व्या वर्षी कायमची थांबते. परंतु त्याआधीची काही वर्षे ती अनियमित होते व त्रास तेव्हाच सुरू होतो. तो अंगावर काढला जातो, नाहीतर शेजारणीने सांगितलेले चूर्ण सुरू होते.

ज्यांची थायरॉईड ग्रंथी मंद आहे त्यांचा घोटाळा दुहेरी असतो. थकवा, केस गळणे, उदासपणा, विसराळूपणा, अंगावरून जास्त जाणे ही लक्षणे दोन्हींकडे सारखीच. गरम वाफा व रात्रीचा घाम बहुधा पाळीच्या बदलामुळे, तर थंडी न सोसणे व बद्धकोष्ठ बहुधा थायरॉईडमुळे. तरीही अंदाज बांधत बसू नये, टी.एस.एच. ही रक्ततपासणी करावी. ग्रंथी मंद असली की हा आकडा वाढतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी तिला अधिक जोराने कामाला लावू पाहते. 'आकडा वाढला म्हणजे थायरॉईड जास्त झाले' असे समजून गोळी सोडू नये.

आता वनौषधींविषयी. तक्षशिलेत शिकणाऱ्या जीवकाला गुरूंनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले व त्याला एकही सापडली नाही, ही कथा आपण जाणतोच. झाडपाल्याने अपाय होत नाही, याचा पुरावा म्हणून ती सांगितली जाते. माझ्या मते तिचा अर्थ नेमका उलट आहे. प्रत्येक वनस्पतीत गुण आहे, म्हणजेच ती शरीरात काहीतरी घडवते.

अश्वगंधेचेच पाहा. तिने थायरॉईडचे संप्रेरक वाढू शकते. गोळी चालू असताना ती घेतली तर छातीत धडधड, घाम, निद्रानाश सुरू होऊ शकतो आणि बाईला वाटते, पाळीचाच त्रास वाढला! काहींच्या यकृतालाही इजा झाल्याचे आढळले आहे. गुग्गुळाची औषधेही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शतावरी घरोघरी घेतात, पण गरम वाफांवरील तिच्या गुणाचा पुरावा तोकडा आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या भगिनींनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊच नये. सोयाबीनने वाफा थोड्या कमी होतात. जवसाची चटणी जरूर खावी, मात्र औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. यांपैकी कशानेही थायरॉईडची गोळी सुटत नाही.

खरी मेख आहे ती वेळेची. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी व चहा अर्ध्या ते एका तासाने. या वयात कॅल्शियम व लोहाच्या गोळ्याही चालू असतात. त्या एकत्र घेतल्यास थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये ४ तासांचे अंतर हवे. सोयाबीन व जवसही न्याहारीऐवजी जेवणात घ्यावेत. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांनाही यात अडचण नाही. गोळी पहाटेची आणि जेवण बाराच्या आत. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेले, तर कोणतेही चूर्ण घेत न बसता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या व डबे पिशवीत घालून न्यावेत.