घाटापलीकडचे रासकर सर आणि मोबाइलवर निघणारा चष्म्याचा नंबर

कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना आठवतो ॲनिमेशनचा कोर्स, नाहीतर वाढदिवसाचा बॅनर. त्यापलीकडे ही विद्या कुठवर जाते, ते डॉ. रमेश रासकर यांच्या कामात दिसतं. कसारा घाट चढला की येणाऱ्या नाशिकचेच ते. शिक्षण पुण्याच्या सीओईपीत झालं, आणि ‘जुरासिक पार्क’च्या पडद्यावरच्या डायनासोरांनी त्यांना या विषयाकडे ओढलं. २००२ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची पीएचडी, २००८ पासून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक.

प्रकाश पुढे सरकताना टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचं नाव जगभर झालं. पण सापगाव-मुरबाडकडच्या शाळांच्या दृष्टीने मोलाचं आहे ते २०१० चं ‘नेत्रा’. फळा नीट दिसत नाही म्हणून मागे पडलेलं पोर आपल्याकडे सरळ ‘ढ’ ठरतं, आणि नंबर काढायचा तर तालुक्याला खेप.

‘नेत्रा’त मोबाइलच्या स्क्रीनवर बारीक भिंगांचा एक स्वस्त जोड बसवतात. त्यातून डोळा लावून पाहायचं. नजर चांगली असेल तर दोन रेघा एकावर एक दिसतात, दोष असेल तर फाकतात. बटणं दाबून त्या जुळवायच्या. किती सरकवाव्या लागल्या यावरून नंबर निघतो. चष्म्याशिवाय त्रिमितीय चित्र दाखवणाऱ्या पडद्याचंच हे तंत्र, फक्त डोळ्याच्या अगदी जवळ आणलेलं. अर्थात मोतीबिंदू वगैरे यात कळत नाही, त्याला डॉक्टरच हवा.

रासकर गावाला विसरले नाहीत, हेही सांगायला हवं. २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्यासाठी ‘कुंभथॉन’मध्ये त्यांनी स्थानिक मुलांनाच गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय यांच्या अडचणींवर कामाला बसवलं होतं.